न दिसणाऱ्या नऊ मिरच्या

१२ मे, सोमवार

गेलं सगळं! म्हणजे गेलं नाही म्हणे — आहे, पण मला दिसत नाही. सकाळी मलकापूरच्या ऑफिसात नवं ॲप उघडलं. वर हिरव्या अक्षरांत, 'नऊ वर्कस्पेस आयात झाल्या.' खाली नुसतं पांढरं. स्क्रीन वरखाली करून बोट दुखलं.

आमची छोटी बियाणं कंपनी मोठ्या कंपनीने घेतली तेव्हाच ही धास्ती वाटली होती. जुन्या ॲपमध्ये माझ्या मिरचीच्या नऊ वाणांच्या नऊ वर्कस्पेस होत्या. एकेकीत एका वाणाचे फोटो, उंची, पानं, तोडा. पाच हंगामांचं काम, घरच्या वाफ्यातलं, माझं स्वतःचं. जुन्या साहेबांनी ॲप तेवढं वापरू दिलं होतं.

१४ मे

मदतकेंद्राला फोन. पोरगी गोड बोलली. "मॅडम, डेटा सेफ आहे. तुम्हाला परवानगी नाही म्हणून दिसत नाही." मग कुणाला आहे? "ते बघायची मला परवानगी नाही." हसावं की रडावं.

१८ मे, रविवार

नांदुऱ्याला घरीच. बियांचा डबा काढून बसले. नऊ पुड्या, प्रत्येकीवर ॲपने दिलेला आकडा. नावं मी मुद्दामच टाकली नव्हती. नाव दिसलं की लाडकं झाड उगाच निरोगी वाटायला लागतं, मन झुकतं. म्हणून नुसते आकडे. केवढी हुशारी!

त्यातलं एक वाण मागच्या वर्षी चुरडामुरड्याच्या रोगात सरळ उभं राहिलं. बाकी आठांची पानं आकसून वळली, खुरटली, आणि हे आपलं ताठ, हिरवंगार. त्याच्यापाशी बसून मी आनंदाने रडले होते. इतक्या वर्षांत तेवढंच एक मिळालं. त्याचा आकडा कोणता, ते ॲपला माहीत. मिरचीचं बी सगळं सारखंच दिसतं.

आई बाजूला येऊन उभी राहिली. "काऊन एवढी पाहून राह्यली? बीच तं हाय."

२३ मे

शेखर सापडला, नागपुरात. जुन्या ऑफिसात कॉम्प्युटरचं सगळं तोच बघायचा. माझ्या वर्कस्पेस उघडल्या तेव्हा मशीनवर तो बसला होता, म्हणून कागदोपत्री मालक तो! "वंदनाताई, म्या तं कवाच नोकरी सोडली. माह्यं लॉगिनच बंद हाय."

नव्या ऑफिसचं उत्तर — मालकाने मंजुरी द्यावी. मालकाचं खातं बंद आहे. उघडायचं तर मालकाने त्याच खात्यातून अर्ज करावा. मी हे तीनदा वाचलं. लिहिणाऱ्याने एकदाही वाचलं नसावं.

शेखर म्हणाला, "मी बोलून पाह्यतो तिकडं, पन भरवसा नका ठेवू."

२९ मे

काही नाही.

३ जून

नऊही पुड्या पेरून टाकाव्यात का वाफ्यात? यंदा वाफ्यांत आईची भाजी, उरली जागा जेमतेम दोन वाणांची. आणि रोग दरवर्षी येतोच असं नाही. आला नाही तर नऊही सारखीच देखणी, मला काय कळणार? बी जुनं होत चाललंय. पुढच्या वर्षी उगवेल याची खात्री नाही.

नव्या साहेबांना सांगून पाहिलं. "एवढं काय त्यात? कंपनीकडे एकाहून एक वाणं आहेत." आहेत ना. पहिल्या चुरडामुरड्यात आडवी होतात. हे तोंडावर बोलले नाही, इथे लिहितेय.

८ जून, रविवार

मृग लागला. गल्लीतल्या बाया बी मागायला येताहेत. सुभद्राबाई दोडक्याचं घेऊन गेली, रेणुका वांग्याचं. आमच्या दारातून कुणी रिकाम्या हाताने गेलं नाही, हे आईचं आवडतं वाक्य.

मी दिवसभर पडून. आईने विचारलं, "त्या डब्यातल्या मिरचीचं काय करतं?" त्याचा आता काही उपयोग नाही, म्हणाले आणि कूस बदलली. खरंच नाही. मला त्या डब्याकडे बघवतही नाही.

१२ जून

मेल आली. 'आपली विनंती बंद करण्यात आली आहे.' कारण दिलेलं नाही.

बरं झालं. आशा होती तोवर जास्त त्रास होता. पाच वर्षं उन्हात उकिडवी बसले, त्याचं हे.

१७ जून, मंगळवार

परवानगी आली! शेखरने कुणाचे पाय धरले देव जाणे. नऊही वर्कस्पेस दिसल्या, फोटोंसकट. ते वाण ८८३. मिळेल ती गाडी पकडून घरी आले.

डबा घासून पालथा घातलेला.

"दिलं ना बायायले," आई म्हणाली. "तूच तं म्हनली, उपयोग नाही."

आठशे त्र्याऐंशी कुणाला दिलं?

"आकडा कायचा? ताटात समदं एकत्र केलं, मंग चिमूट-चिमूट वाटलं. एकीले चांगलं, एकीले वाईट, असं नको ना वाटाले."

८८३चा फोटो उघडला. मोबाईल तिच्यापुढे धरला. तिने चष्मा लावला, फोटो बराच वेळ पाहिला.

"झाड चांगलं हाय, माय," म्हणाली. "कोनाच्या तरी दारात हायेच मंग."