तू म्हणालीस ते बेट

आई, तुझी नात मला बेटावर घेऊन चालली आहे. पुढच्या महिन्यात मी बँकेतून रिटायर होते, त्यानिमित्त तिनं हा घाट घातलाय. पुण्याहून रोज फोन करते. संगमनेरला घरी आली की जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसते आणि आमटी गार होईपर्यंत मला अंदमान समजावते. लोक म्हणे पोर्ट ब्लेअरला उतरतात, तिथून बोटीनं दोन लहान बेटांवर जातात, फोटो काढतात आणि परत फिरतात. सगळ्यात मोठं जे बेट आहे, मधलं अंदमान, ते नकाशात चांगलं लांबलचक दिसतं, पण तिकडं कोणी फिरकत नाही. दिवसभराचा रस्ता, तोही जंगलातून. गाड्या एकामागं एक ताफ्यानं सोडतात आणि एका खाडीपाशी गाडीच बोटीवर चढवतात. सहल ठरवून देणाऱ्या बाईंनी तिला दोनदा विचारलं, "मॅडम, तिथं बघण्यासारखं आहे काय? वयस्कर माणसांना घेऊन कशाला एवढा त्रास?" तर तुझी नात म्हणाली, "माझ्या आजीला तेच बघायचं होतं." मी समोरच बसले होते. भाकरीचा तुकडा मोडला होता, तो तसाच ताटात ठेवून दिला.

आता हे सगळीकडं सांगून झालंय. माझ्या बँकेत झालंय, दादाकडं झालंय, तुझ्या जावयाचं चार ठिकाणी सांगून झालंय. जो भेटतो तो म्हणतो, आईची राहिलेली इच्छा पुरी करताय, भाग्य लागतं. मी मान हलवते. उद्या दुपारपर्यंत तिकिटं काढायची आहेत आणि मी अजून हो म्हटलेलं नाही. नवऱ्याला वाटतं मी आता या वयात विमानाला घाबरते. लेकीला वाटतं तुझ्या आठवणीनं मला भरून येतंय. भरून येतंय हे खरं, पण ते कशानं, हे या घरात कोणाला माहीत नाही. म्हणून तुला लिहायला बसले. तू जाऊन पंधरा वर्षं झाली, आणि हे सांगण्यासारखं माणूस मला दुसरं सापडलं नाही.

घरात जी गोष्ट सांगतात ती अशी. तू दिवाळीनंतर माझ्याकडं आली होतीस. मी सकाळी डबे भरत होते, तू ओट्याला टेकून मिशरी घासत उभी होतीस आणि एकाएकी म्हणालीस, "बाई, मला येकदा बेट बघायचंय गं." आपल्या नगर जिल्ह्यात बेट म्हटलं की माणसाला काय आठवणार? एक तर बांधावरचं वेळूचं बेट. नाहीतर श्रीरामपूरच्या पुढं गोदावरीतलं देवस्थानाचं बेट, जिथं आपल्याकडची माणसं गाड्या भरभरून जातात. मला वाटलं, आईला देवाला जायचंय. रविवारी गाडी काढली, तुला पुढच्या सीटवर बसवलं आणि घेऊन गेले. आणि तुला हवं होतं ते समुद्रातलं. शब्द एकच, त्यात हा घोटाळा झाला. दादा ही गोष्ट सांगताना आधी हसतो आणि मग डोळे पुसतो.

त्या दिवशी तू नवं लुगडं नेसली होतीस, ते निळ्या काठाचं, जे तू बारशा-लग्नाशिवाय पेटीतून काढत नव्हतीस. वाटेत सारखी विचारत होतीस, "आजूक किती ऱ्हायलं?" मी म्हटलं, आलंच. पाऊस त्या साली कमी होता, नदीत पाणी असं नव्हतंच, मधे दगड उघडे पडले होते आणि दोन म्हशी बसल्या होत्या. आपण चालत आत गेलो. तू थांबलीस. डोळ्यावर हात धरून आधी इकडं बघितलंस, मग तिकडं.

"पानी कुढंय गं?"

"पाऊस झाला नाही ना आई. एरवी असतं."

"बेटाला चारी बाजूनं पानी पायजे ना? मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"काय न्हाई. चल, दर्शन घिऊ."

मी त्यावर फणकारले होते. एवढी सुट्टी घालवून आणलं तर म्हणे पाणी कुठंय. आता आलीस ना, मग हात जोड नीट, असं म्हणाले होते तुला, चार बायकांच्या देखत. तू जोडलेस. पंगतीला बसून आमटी-भाकरी खाल्लीस, माझ्या पानातलं उरलेलं आपल्या पानात घेतलंस, आणि परत येताना गाडीत म्हणालीस, "लई मोठं हाय गं बेट. बरं झालं दावलंस." मी खूश झाले होते. खरंच झाले होते, काय सांगू तुला.

त्याच हिवाळ्यात आम्ही बँकेतली चार कुटुंबं मिळून अंदमानला गेलो. बँकेतल्या माणसाला फिरायला सवलत असते, एलएफसी म्हणतात, ती त्या वर्षी घ्यायचीच होती. आम्हीही तेच केलं, पोर्ट ब्लेअर आणि दोन लहान बेटं. तुला जाताना एवढंच सांगितलं की समुद्राला जातोय. आल्यावर तुझ्यासाठी तिकडची सुपारी आणली, शेरभर तरी असेल. तू पायरीवर बसून अडकित्त्यानं एक फोडलीस, तोंडात टाकलीस, बराच वेळ चघळत राहिलीस. मग म्हणालीस, "तिकडली मानसं बी सुपारी खात्यात म्हंजे आपल्यावानीच हायेत." तिकडली म्हणजे कुठली, हे तू विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. उरलेल्या सुपाऱ्या तू गावी नेल्यास.

तुझ्या दहाव्याला शाळेतले गुरुजी आले होते. शेवगावच्या पलीकडं आपल्या गावच्या शाळेत तू पोरांची खिचडी शिजवायचीस, तेव्हाचे. घाटावरून परत येताना ते माझ्या शेजारी चालत होते. म्हणाले, स्वयंपाकाच्या शेडचे पत्रे उडाले होते त्या साली तुमची आई वर्गाच्या पडवीत चूल मांडायची. दारातून भारताचा नकाशा दिसायचा. एक दिवस डाव हातात घेऊन आत आल्या आणि मला विचारलं, गुरुजी, हे खाली पान्यात हिरवं काय सांडलंय? मी म्हटलं, मावशी, ती बेटं आहेत, चारी बाजूंनी पाणी. तर म्हणाल्या, मंग तिथं टँकर येत नसंल. पोरं हसली. मी म्हटलं, मावशी, ते पाणी खारं असतं. त्या म्हणाल्या, "खारं का व्हईना. नजर जाईल तिथवर हाय ना?" मग ह्यातलं सगळ्यात मोठं कंचं, तिथं मानसं ऱ्हात्यात का, खात्यात काय, सगळं विचारून घेतलं. मी सांगितलं, भात पिकवतात, सुपारीच्या बागा आहेत. तोवर बाहेर खिचडी खाली लागली होती. मोठे गुरुजी त्यांना नाही नाही ते बोलले. तुमच्या आईनं मुकाट्यानं पातेलं घासलं, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा नकाशापाशी.

मी चालता चालता थांबले. गुरुजींना वाटलं मला रडू येतंय, म्हणून ते आणखी सांगायला लागले. म्हणाले, पुढं पोरांना सांगायच्या की माझी लेक मला तिथं नेणार हाय, तिच्या बँकेत फारम भरत्यात. आणि दिवाळीनंतर एकदा आल्या त्या हसतच. बघून आले म्हणाल्या. खिचडी वाढता वाढता पोरांना सांगत होत्या, लई मोठं हाय, चारी बाजूनं पानीच पानी, लेकीनं नेलं. मी सहज विचारलं, मावशी, विमानानं गेलात का बोटीनं? तर म्हणाल्या, "गाडीनं." मग मी पुढं काही विचारलं नाही.

गाडीनं, आई. खोटं बोलायचं तर पुरतं तरी बोलायचं होतंस. विमान म्हणाली असतीस तर कोण तपासायला जाणार होतं? पण तुला माझी अब्रू तेवढी झाकायची होती, त्यापलीकडं तुला जमलं नाही. शाळेतल्या पोरांसमोर तुझ्या लेकीचा शब्द खाली पडू नये म्हणून तू कोरड्या नदीत पाणी भरलंस. घरी येऊन मी गुरुजींचं बोलणं सगळ्यांना सांगितलं. मीच. आणि शेवटी म्हटलं, बघा ना, एका शब्दापायी केवढा घोटाळा झाला. दादा रडला. नवरा म्हणाला, तुझा काय दोष, तुला काय माहीत. त्या दिवसापासून ती गोष्ट घरात रुळली, आणि मी ती इतक्यांदा ऐकली की मलाही ती खरी वाटायला लागली होती.

आज सकाळी लेकीचा फोन आला. तिकिटांचंच बोलत होती, मधेच म्हणाली, "आई, एक विचारू? मी तिसरी-चौथीत असताना आजीनं माझ्या शाळेच्या नकाशाच्या पुस्तकात पेननं गोल केला होता ना गं? समुद्रात, एका बेटाला? मला बाई रागावल्या होत्या पुस्तक खराब केलं म्हणून. की मला उगीच वाटतंय?"

तुला उगीच वाटतंय, म्हणाले मी. आजीला कुठलं कळायला नकाशातलं.

केला होतास तू गोल. माझ्याच पेननं. त्या दिवशी ओट्यापाशी तू बेट म्हणालीस आणि मी विचारलं, कुठलं बेट? तू हात धुतलेस, पोरीचं दप्तर उघडलंस, पुस्तक काढून माझ्यासमोर धरलंस आणि बोट ठेवलंस. "ह्ये. सगळ्यात मोठं." मला चुकायला जागाच ठेवली नव्हतीस. माझ्या पर्समध्ये तेव्हा अंदमानचा फॉर्म होता. त्यात अवलंबून असलेल्या आई-वडिलांचा रकाना असतो, तो मी कोराच ठेवला होता. मला तुझी लाज वाटत होती, आई. मॅनेजरसाहेबांची बायको बरोबर येणार होती. तू तिच्यासमोर मिशरी घासली असतीस, हॉटेलात खाली बसून जेवली असतीस, विमानाच्या दारात चपला काढल्या असत्यास. चपलांची तर मला इतकी धास्ती होती की मी रात्रंदिवस तेच डोळ्यांसमोर आणत होते. म्हणून रविवारी तुला गोदावरीवर नेलं. तेही बेटच आहे, असं मनाशी म्हटलं. पाणी कुठंय म्हणून तू विचारलंस तेव्हा मला राग आला तो तू ओळखलंस म्हणून. तू ओळखलं होतंस, हो ना? गाडीत बसल्यावर तू माझी समजूत काढत होतीस, आणि मी तुला ती काढू दिली.

काढल्या असत्यास चपला, तर काय झालं असतं? कोणीतरी हसलं असतं, आणि तू त्याच्याहून मोठ्यानं हसली असतीस.

हे पत्र तुला पोचायचं नाही. पोचलं असतं तर तू अक्षराला अक्षर जोडत मोठ्यानं वाचलं असतंस, आणि ते ऐकण्याची माझ्यात हिंमत नाही. थोड्या वेळानं लेकीला फोन करायचाय. दोन गोष्टी सांगायच्या आहेत. तिकिटं काढ, ही एक. आणि आजीनं गोल केला होता, तुला बरोबर आठवतंय, ही दुसरी. मी पहिलीच सांगीन आणि फोन ठेवीन, आई. मला मी चांगली ठाऊक आहे.