गायब व्हायचं नाही

प्रिय नावाडीबाई,

कागदावर लिहितेय म्हणून हसू नकोस. फोन वाजला की मावशी दचकतात, म्हणून तू तो बंद करून कपाटात टाकलास, हे तुझ्या भावाकडून कळलं. तो उद्या तिकडे निघतोय, त्याच्याच हाती हे देते. चार ओळींत हात दुखायला लागला बघ. दिवसभर बोटानं काच घासायची सवय झाली की पेनसुद्धा कुदळीसारखं जड लागतं.

इकडची खुशाली विचारशील तर थकलेय. शिक्षकांच्या खोलीतलं तुझं टेबल खिडकीशीच आहे, पण त्यावर आता पुस्तकांची चळत आणि चळतीवर माझा कॅमेरा, कारण उजेड तिथेच बरा येतो. तुझ्या खुर्चीत बसून मी काचेशी बोलते. समोर आपल्या नर्सिंगच्या सात जणी. कुणी बसमधून, कुणी वॉर्डाच्या जिन्यातून, कुणाच्या मागे बाळ रडतंय, कुणाचा नळ वाहतोय. रोज कुणीतरी पासवर्ड विसरतं. रोज कुणाला तरी लिंक सापडत नाही, आणि ती डोळ्यांसमोर असते. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, फक्त या उंटाला चार्जिंगही लागतं. प्राचार्यबाई म्हणतात, एवढा खेळ कशाला मांडता, सरळ व्हिडिओ टाका आणि मोकळ्या व्हा. पूर्वी मी भांडायचे. आता मान डोलावते आणि चहा घेते.

तुला आठवतं ना, औषधाची मात्रा काढायची म्हटलं की या मुलींना कसा घाम फुटायचा? चुकलं तर पेशंट जाईल या धाकानं त्या गणितच करायच्या नाहीत, शेजारणीचं बघून उतरवायच्या. तू म्हणालीस, आधी यांना पोटभर चुकू दे. मग अख्खी सुट्टी घालवून आपण तो खेळ रचला. प्रत्येक धडा म्हणजे एक बेट, प्रत्येकीची एक होडी, आणि सगळ्या होड्या एकाच नकाशावर, सगळ्यांना दिसतील अशा. मुलींना पाच पाच जीव. उत्तर चुकलं तर जीव जात नाही, हवं तेवढं चुका. पण आठवडाभर कुणी फिरकलंच नाही तर एक जीव गेला. सगळे संपले की होडी पुसली जाते आणि शेवटच्या बेटावरची परीक्षा हुकते. आपल्यातला जीव मैत्रिणीला देता येतो, ही सोय तुझी. कुणाला दुसऱ्यानं काढायचं नाही, जायचंच तर जिचं तिनं ‘मी थांबते’ हे बटण दाबायचं, हा हट्टही तुझाच. आणि नकाशाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत तूच लिहिलंस, चुकलं तर चालेल, गायब व्हायचं नाही. वर आपल्या दोघींच्याही होड्या पाण्यात सोडल्यास. आपण काही काठावर बसलेल्या नाही म्हणालीस. तू नावाडी, मी डावं वल्हं. आणि आपल्याला जीव एकेकच, कारण शिकवणारीनं गायब व्हायचं कारणच काय?

आपण तिसऱ्या बेटावर असताना तिकडे कोपऱ्यावरच्या दुकानात गेलेल्या मावशींना परतीचं घर सापडेना, आणि तू एका बॅगेनिशी आईकडे निघालीस. आठवड्यात येते म्हणाली होतीस.

तुझी होडी पुढे सरकली नाही, पण पुसलीही गेली नाही. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, बाई फोन उचलत नाही, निरोपाला उत्तर देत नाही, पण मावशींचा डोळा लागला की कुठूनतरी हळूच आपल्याकडे डोकावते. त्या भरवशावर मी दिवस ढकलले. सूचनांच्या पानावर तुझ्यासाठी काहीबाही लिहून ठेवायचे. पंखा पुन्हा कुरकुरायला लागला, प्राचार्यबाईंनी केस कापले आणि कुणी ओळखलंच नाही, असलं. मुलींना वाटलं असेल, बाईंचं डोकं फिरलं. त्यांना काय वाटत होतं ते आता कळतंय.

गेल्या आठवड्यात पाहिलं तर थोरलीकडे एकच जीव उरलेला. थोरली म्हणजे आपली ती दोन पोरांची आई, दशांश चिन्ह बघून रडणारी. ती एक तास बुडवत नाही, मग जीव गेले कुठे? मी देवघेवीचं पान उघडलं आणि गारच पडले. ते तुला गेले होते. तिच्याआधी चष्मेवालीचे, त्याआधी बाकीच्यांचे. दर आठवड्याला एक, आळीपाळीनं. तू एकदाही आली नव्हतीस गं. मुलींनी आपसात ठरवून तुला तरंगत ठेवलं होतं. थेंब न् थेंब मोजायला शिकवणारी मी, मला तुझा एकुलता एक जीव मोजता आला नाही.

खरं सांगते, आधी तुझा राग आला, मग मुलींचा. मग खिडकीकडे तोंड करून रडले. कॅमेरा बंद होता, तेवढी अक्कल शाबूत होती. नंतर थोरलीला फोन लावला, तो खडसावायचं ठरवूनच. तर ती म्हणते, बाई, मी एकच गणित चुकत राहायचे आणि त्या दरवेळी हसून म्हणायच्या, घे पुन्हा. आता त्यांना वेळ लागतोय, तर आम्ही थांबायचं नाही होय? मी ते पान पुन्हा उघडून मोजलं. सगळ्यांकडे आता एकेकच जीव आहे, आणि पुढची पाळी तिची. दिला की तिची होडी गेली आणि परीक्षाही गेली. पुढच्या वर्षी देईन म्हणते. त्या परीक्षेवर तिची कायमची नोकरी अडली आहे, आणि ही म्हणते पुढच्या वर्षी! ओरडून झालं, विनवून झालं, पण पालथ्या घड्यावर पाणी. आपला संगणकवाला तुझं नाव दोन मिनिटांत काढून टाकेल. मी त्याच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. नियम मोडावा तर तो तुझा, पाळावा तर पोरगी बुडते. आपलेच दात, आपलेच ओठ.

तेव्हा ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. या आठवड्याचा जीव मी दिलाय, माझा होता तो एकुलता एक. डाव्या वल्ह्याच्या जागी नकाशावर आता नुसतं पाणी आहे. रविवारी थोरलीची पाळी येते. त्याआधी भावाचा फोन घे, आत जा आणि ‘मी थांबते’ दाब. परत ये म्हणायला हे पत्र नाही. मनातून तेच म्हणतेय, पण मावशी हल्ली तुलाच विचारतात, तू कुणाची कोण, हे भावानं सांगितल्यापासून तसं म्हणायला जीभ रेटत नाही. सांगून थांबलेल्या माणसाला कुणी गायब झालं म्हणत नाही, मुलींना मी समजावीन. परीक्षा झाली की मी तिकडे येते, फोन घरी ठेवून. मावशींनी मला विचारलं, तू कोण, तर सांगेन मी. त्यांच्याजवळ मी बसते. तू आतल्या खोलीत जा, दार लोटून घे आणि झोप.

तुझीच,
डावं वल्हं