वेन्डेलचं ताट

४ मार्च
आमच्या अमेरिकन फुटबॉल संघात लाइनची चिंता कुणाला? लाइनच्या कोचला, म्हणजे मला एकट्याला! चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकपुढे भिंत होऊन उभे राहणारे माझे पाच धटिंगण — त्यातल्या दोघांचे करार संपतायत. मधला वेन्डेल आणि त्याच्या डावीकडचा फेतू. आठवड्याभरात खेळाडूंचा बाजार उघडला की दुसरा कुठलाही संघ त्यांना उचलेल. मॅनेजर हॉलिस म्हणतो, "एकालाच ठेवता येईल, मर्व. फेतू तरणाबांड आहे. वेन्डेलचा गुडघा बघ की!"

गुडघा कसला बघू? मी व्हिडिओ बघतोय. चेंडू मागे क्वार्टरबॅककडे सोडण्याआधी वेन्डेल मान न वळवता काहीतरी पुटपुटतो, आणि फेतू बरोबर त्याच बाजूला झेपावतो. वेन्डेल जखमी होता त्या सामन्यात हाच फेतू भांबावून उभा — आणि क्वार्टरबॅक आडवा! फेतूची अर्धी अक्कल वेन्डेलच्या डोक्यात आहे. हे हॉलिसला कोण सांगणार?

६ मार्च
मीच सांगितलं. वेन्डेलला ठेव, फसलं तर माझी नोकरी घे. घरी बायको लोरेन म्हणाली, "शहाणाच आहेस! वेन्डेलला विचारलंस?"
त्याला काय विचारायचं!

७ मार्च
तरी फोन केला. "अजून दोन वर्षं. आहेस ना?" तो म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं, कोच."
बस्स. झालं काम.

८ मार्च
किराणा दुकानात ड्वेन भेटला. माझा जुना लाइनवाला. ओळखलंच नाही! निम्मा झालाय. "आजारी आहेस का रे?" तर हसला. "छे! खेळ सोडला त्याच दिवशी पोट भरल्यावरही खात राहणं सोडलं. दुसरं काही नाही, कोच."
खरंच आहे. भूक नसताना खायचं, वजन घटू द्यायचं नाही — ही यांची अर्धी नोकरी. वेन्डेलला तर मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत गिळताना पाहिलंय. पण ताटात कधी काही टाकलं नाही त्याने.

९ मार्च
फेतू घरी आला. दारातच उभा राहिला, आत येईना. "कोच, माझं काय चुकलं?"
काही नाही रे बाबा. काहीच नाही. फार वाईट वाटलं.

११ मार्च
बाजार उघडला. फेतूने दुपारीच दुसरीकडे सही केली.

संध्याकाळी नेहमीसारखं लाइनचं जेवण आमच्याकडे. मी अंगणात रिब्स भाजल्या. पोरं तुटून पडली, आरडाओरडा, हाडांचा ढीग! वेन्डेलची सही उद्या सकाळी. सगळ्यांनी त्याच्या पाठीत धपाटे घातले.

भांडी आवरताना लोरेनने एक ताट माझ्यापुढे धरलं. जवळजवळ तसंच भरलेलं. "बिघडल्या का रे रिब्स? वेन्डेलने दोनच खाल्ल्या. म्हणाला, पोट भरलं."