कारण कुणी विचारायचं

मंगळवार, माघ महिना

आज उमेदवाराच्या बायकोने आमच्या चाळीत हळदीकुंकू केलं. माझी ओटी भरता भरता म्हणाली, "आमचे हे आमदार झाले की गर्भपात बंद करायला लावणार. पाप आहे ते." मी नुसती मान हलवली. संपाच्या दुसऱ्या वर्षी मी तेच करून आले होते. यांची मिल बंद, घरात आधीच दोन पोरी. हॉस्पिटलात नर्सने कारण विचारलं नाही. "जेवलीस का?" एवढंच म्हणाली.

म्हणजे त्या उमेदवाराला मत नाही, हे ठरलं. दुसऱ्या उमेदवार डॉक्टरीणबाई. त्या परवा सभेत म्हणाल्या, मुलगा की मुलगी ते सांगणारे दवाखाने कायदा करून बंद करू. अगदी पटलं, मी टाळ्या वाजवल्या. पुढे म्हणाल्या, यापुढे प्रत्येक बाईला कारण विचारलं पाहिजे. माझे हात थांबले. माझं कारण चांगलं होतं का? ते कोण ठरवणार? नर्सने विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं?

ओटीतला नारळ फळीवर ठेवतेय तोच शेजारची नंदा आली. तिला तीन मुली. तपासणी करून आली होती. "ताई, परत मुलगीच. सासू म्हणते, ठेवलीस तर गावाक जा."

डॉक्टरीणबाईंचं बोलणं अगदी ओठांवर आलं होतं. तो कायदा हिच्यासाठीच ना? मग हिला अडवू, की हिच्यासोबत हॉस्पिटलात जाऊ? मत कुणाला, तेही आता कळेना.

ती दारातच उभी होती. मी विचारलं, "जेवलीस का?"