पिकअपमधली पुढची सीट

आमच्या घराण्याचे बिनडिग्रीचे डॉक्टर सावळीरामभाऊ यांना,

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा तुम्ही बिस्किटचा पुडा घेऊन भेटायला आलात. फिजिओथेरपीसाठी आठवड्यातून तीनदा पंचवटीला जायचंय म्हटल्यावर खो खो हसलात. "बाईमाणसाला कशाला ही थेरं? वाफ्यात बसून मेथी उपटली की झाला व्यायाम!" तुम्ही थोरले दीर, म्हणून यांनी मान डोलावली आणि माझं जाणं बंद झालं. आता गुडघा दुमडतच नाही. मेथीच्या जुड्या खाटेवर पाय लांब करून बांधते.

दिवाळीनंतर तुमच्याही गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तुमची मात्र एक खेप चुकत नाही. परवा तर सख्ख्या पुतणीच्या साखरपुड्यातून उठून गेलात. वर मलाच ऐकवता, "दीपमाला, नेम पाहिजे, नेम!" लाज कशी ती तुम्हाला नाहीच.

हे पत्र काही मी पाठवत नाही. पाठवायचं तर यांच्याच हाती द्यावं लागेल. मार्केटला जाताना तुम्हाला फिजिओकडे सोडतात ते हेच. आमच्याच पिकअपमध्ये पुढच्या सीटवर तुम्ही बसता आणि मागं माझ्या मेथीच्या जुड्या असतात.

तुमच्या सल्ल्यानं ठणठणीत झालेली,
दीपमाला