मुठीचं माप

प्रिय भिंगरी,

पाकिटावरचं अक्षर बघून दचकली असशील. या घरात पत्रं लिहायचं खातं तुझ्या आईचं, माझं लाकडं फोडायचं आणि धूर खायचं. सध्या खातेबदल झालाय, एवढंच. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तेव्हा सावकाश वाच.

इकडे बरं चाललंय. धूरखोलीला नवं दार बसवलं, जुनं कुरकुरून कुरकुरून माझ्याआधी निवृत्त झालं. सफरचंदाची सुकी लाकडं मिळाली, धूर गोडसर येतो. आणि मांसाला चोळायचा मसाला आता मी करतो. हसू नकोस. लाल तिखट, भरडलेली मिरी, लसणाची न् मोहरीची पूड, गुळाची भुकटी, सगळं परातीत कोरडं ठणठणीत कालवतो. जरा ओल राहिली की गोळे होतात आणि मसाला मांसाला सोडून बोटांशीच संसार थाटतो. एवढं जमतं. घोडं अडतं ते मिठापाशी.

तुझी आई कायम सांगत आली, एका परातीला तीन मुठी. मीही तीनच घातल्या. पण माझा पंजा म्हणजे फावडं, हे डोक्यातच आलं नाही. मसाला चोळून मांस मुरवलं, धुरी दिली, विकलं. मग शेजारचे शिंपीबुवा सगळ्यांदेखत म्हणाले, "मालक, जनावर समुद्रात बुडून मेलं होतं का?" दुकान हसलं, मीही हसलो. गल्ल्यावर बसलेली तुझी आई तेवढी हसली नाही. पुढच्या खेपेला हात आखडता घेतला तर मिळमिळीत झालं. हे काही चुलीवरचं पातेलं नव्हे, मध्येच चमचा बुडवून चाखता येत नाही. चुकलेलं कळतं ते धुरातून बाहेर आल्यावर. काही जुनी गिऱ्हाईकं कोपऱ्यावरच्या दुकानाकडे वळली आहेत. तोंडावर कोणी बोलत नाही, आपल्या दारावरून जाताना जरा भरभर चालतात इतकंच.

तू म्हणशील, आई समोर असताना हा उपद्व्याप कशाला? मी तिला तेच विचारलं. ती म्हणाली, जन्मभर मीच करू का, आता तुम्ही शिका. मला पटलं. बायकोचं बोलणं पटवून घ्यायची सवय जुनी. मग हळूहळू दिसायला लागलं की चहाचा कप ती दोन्ही हातांनी धरते. दोरीची गाठ मारायची वेळ आली की तिला नेमकं दुसरं काम आठवतं. उजवा हात सदा एप्रनच्या खिशात. डॉक्टरांकडे चल म्हटलं, तर वयाचं आहे म्हणून मोकळी.

तुला आठवतं, लोकरीच्या हातमोज्यांवरून तुम्ही मायलेकी भांडायचात? कोणाचे कुठले, मला कधी ओळखता आलं नाही. आणि ती तापाने निजली होती तेव्हा मीठ तू घातलंस, तर शिंपीबुवांच्या जिभेलाही फरक कळला नाही. कालपासून तेच मनात घोळतंय.

काल दुपारी लाकडं टाकून आत आलो, तर ती एकटी परातीपाशी उभी. हात मिठाच्या बरणीत. वर काढला की सगळं मीठ बोटांमधून खाली. पुन्हा घालायची, पुन्हा खाली. मला पाहिलं आणि हात खिशात गेला. म्हणाली, "लेकीला कळवू नका. कामधाम सोडून धावत येईल. झाकली मूठ सव्वा लाखाची." मी मान डोलावली. पण बाळा, म्हण कितीही खरी असली तरी मूठ आधी मिटावी तर लागते. तिची मिटत नाही गं. तू तिकडे दवाखान्यात परक्यांची आखडलेली बोटं रोज मोकळी करतेस, म्हणून हे लिहिलं. रजा काढून ये. हाताचं नाव काढू नकोस, मिठाचं माप द्यायला आलेय म्हण. ते खोटंही नाही. परात घासून पालथी घातली आहे, तू येईपर्यंत मी तिला शिवत नाही.

तुझाच, फावड्या हाताचा
बाबा