माझी क्लिप-गन आणि उजवं जग

४ जानेवारी
संकल्प : वर्षअखेर माझी उपकरणांची छोटी कंपनी विकणे आणि ऑपरेशन थिएटरला कायमचा रामराम. दुर्बिणीच्या ऑपरेशनात रक्तवाहिनीला क्लिप लावणारी माझी गन तयार आहे. बायकोनं विचारलं, आधीच्या गनला काय झालंय? बिनडोक प्रश्न. आधीची मी बनवलेली नाही.

१९ जानेवारी
ज्युनिअर्सना दाखवली. सगळे म्हणाले, झकास सर! एकाच्या हातून क्लिप छताला लागली. त्याला हाकलला.

२ मार्च
बड्या कंपनीचा टायवाला आला. माझी कंपनी विकत घ्यायला तयार! अट एकच : दुसऱ्या सर्जननं गन त्याच्यासमोर पेशंटवर वापरून दाखवायची. हात्तिच्या, एवढंच?

११ मार्च
गावातले सर्जन एकजात गाढव. सगळ्यांचं एकच रडगाणं, खटका भलत्या बाजूला आहे. मी डावखुरा आहे, मग? जन्मभर यांच्या उजव्या कात्र्यांनी कापलंच ना मी? आता जगानं जरा माझं सोसावं.

१४ मार्च
फक्त मख्खू तयार. वर्गातला ढ, आता माझ्याहून मोठं हॉस्पिटल थाटून बसलाय. म्हणतो, पेशंट तू आण. पण पेशंट 'नवीन' ऐकलं की पळतात. भित्रे लेकाचे.

३० मार्च
पोटात कळ. सोनोग्राफी केली. पित्ताशयात खडे. माझ्याच! वा! पेशंट घरातच सापडला. बायको रडली, म्हणाली, जिवाशी खेळू नकोस. हिला धंद्यातलं काय कळतंय?

५ एप्रिल
उद्या ऑपरेशन. टायवाला करार घेऊन येणार. शुद्धीवर आल्यावर करायचं भाषण पाठ केलंय.

८ एप्रिल
परवा टेबलावर आडवा होतो. टायवाला काचेपलीकडे. मख्खूनं गन उजव्या हातात घेतली, खटका चाचपला, सापडेना. मग माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, जमेल रे, घाबरू नकोस.

भूल चढायच्या आत मी बोंबललो, जुनी घे, मेल्या, जुनी घे! काचेपलीकडे स्पष्ट ऐकू गेलं म्हणे.

मख्खूनं जुनीच वापरली. टाके सुरेख घातलेत, हरामखोरानं. टायवाला माझे डोळे उघडेपर्यंतही थांबला नाही. बायको गालातल्या गालात हसत पेज भरवतेय.

पुढच्या महिन्यापासून पुन्हा थिएटर. यादीतला पहिलाच पेशंट पित्ताशयाचा. विचारतोय, कुठली गन वापरणार?